पांढऱ्या चौकटीतलं उसनं जुनेपण

बंगळुरूच्या इंदिरानगरमधल्या एका कॅफेची अख्खी भिंत पोलरॉइड फोटोंनी भरलेली आहे. लांबून झकास दिसते. जवळ गेलं की कळतं, हे सगळे सनबोर्डवर इंकजेटने छापलेले आहेत. प्रत्येकाला पांढरी चौकट, खालची पट्टी रुंद, पट्टीवर हस्ताक्षरासारख्या फॉण्टमध्ये इंग्रजीतलं एखादं गोड वाक्य. आणि प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला एक बारीक ओरखडा. तोच ओरखडा, त्याच जागी, तेवढ्याच लांबीचा. कोणा डिझायनरने ओरखड्यांची एक फाइल घेतली आणि सगळ्या फोटोंवर पसरून दिली. काळाने भिंतीवरच्या प्रत्येक फोटोला मोजून-मापून सारखंच खरवडलं, असं आपण समजायचं.

बंगळुरूत हे जुनेपण सध्या जिकडेतिकडे दिसतं. कॉफीच्या पाकिटांवर, घरभाड्याच्या अॅपच्या जाहिरातीत, ब्रुअरीच्या मेनूवर, प्री-वेडिंगच्या अल्बममध्ये, स्वतंत्र बँडच्या गाण्यांच्या मुखपृष्ठांवर. फिकट रंग, दाणेदार पोत, कडेला उजेड शिरल्याचा तांबूस डाग. सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या शहराला सॉफ्टवेअरने केलेलं चित्र सॉफ्टवेअरने केल्यासारखं दिसलेलं चालत नाही, यात गंमत आहे. पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. जुनं आवडणं हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न एवढाच की हे जुनेपण नेमकं कोणाचं?

पोलरॉइडच्या चौकटीचंच घ्या. खालची पट्टी रुंद का? मजकूर लिहायला म्हणून कोणी ती रुंद ठेवली नव्हती. त्या पट्टीत रसायनाची बारीक पिशवी असते. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर येताना दोन रुळांमध्ये दाबला जातो, पिशवी फुटते आणि रसायन चित्रावर सारखं पसरतं. पट्टी म्हणजे त्या पिशवीचं घर. म्हणजे ज्या आकारावर डिझायनर आज भाळतात तो रसायनशास्त्राच्या गरजेतून आला. पोलरॉइडचा संस्थापक एडविन लँड याने झटपट फोटो पहिल्यांदा जगाला दाखवला तो 1947 मध्ये. रुळांतून आपोआप बाहेर पडून डोळ्यांदेखत उमटत जाणारा एसएक्स-70 आला 1972 मध्ये. त्याच वर्षी अमेरिकी डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी या कॅमेऱ्यावर एक देखणा लघुपट केला. हे तेच ईम्स दांपत्य, ज्यांच्या 1958 च्या अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपल्या डिझाइन-शिक्षणाचं आणि पोलरॉइडचं नातं असं आडून का होईना, जुनं आहे.

कॅमेरा मात्र आपल्याकडे जवळजवळ आलाच नाही. आयातीवर कडक बंधनं होती, आणि अमेरिकेहून येणाऱ्या एखाद्या काकांच्या बॅगेत तो असला तरी सोबतची फिल्म संपली की त्याची रवानगी शोकेसमध्ये व्हायची. आपल्या घरांतले जुने फोटो वेगळेच होते. बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल. हा सरकारी कारखाना 1960 मध्ये स्थापन झाला, 1967 पासून तिथे उत्पादन सुरू झालं आणि आता तो बंद आहे. पूर्व जर्मनीचा ओर्वो. कातरलेल्या नक्षीदार कडांचे पोस्टकार्डाएवढे प्रिंट, काळ्या जाड कागदाचा अल्बम, चिकटवायचे तिकोनी कोपरे, पानापानांमध्ये जाळीदार नक्षीचा पातळ कागद. मग रंगीत लॅब आल्या, कोनिकाची पाकिटं आली, आणि नव्वदच्या दशकात याशिकाने काढलेल्या फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख उमटायला लागली, बहुतेक वेळा चुकीची.

हे सगळं आजच्या बंगळुरूच्या डिझाइनमध्ये शोधून बघा. नारिंगी तारीख सापडेल, कारण ती परदेशी अॅपमध्ये आयती मिळते. कातरलेल्या कडा, जाळीचा कागद, स्टुडिओतल्या पडद्यावरचा बगीचा आणि कारंजं क्वचितच. जुन्या रंगीत फोटोंचा तांबूसपणासुद्धा कोणी नीट पाहिलेला नसतो. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर सायन रंग अंधारात, कपाटात ठेवूनही आधी विरतो. उरतात लाल आणि पिवळा. म्हणून मावशीच्या लग्नाच्या फोटोतले सगळे वऱ्हाडी उन्हातून चालत आल्यासारखे दिसतात. अॅपमधला ‘विंटेज’ फिल्टर मात्र सगळ्यावर चहाचं पाणी ओतून मोकळा होतो.

फिकेपणाचीही कथा आहे. एसएक्स-70 चे फोटो ताजे असताना फिके नव्हते, चांगले भरदार रंगांचे होते. पोलरॉइडने 2008 मध्ये झटपट फिल्म बंद करायचं जाहीर केलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथला शेवटचा कारखाना ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ नावाच्या मंडळींनी वाचवला. जुनी रसायनं मिळेनात, म्हणून त्यांना सगळं सूत्र नव्याने मांडावं लागलं. 2010 मध्ये त्यांची पहिली फिल्म आली ती पुसट, तपकिरी आणि बेभरवशाची होती. नेमक्या त्याच सुमारास फोनवर हिपस्टामॅटिक हे फोटोचं अॅप आणि पाठोपाठ इन्स्टाग्राम आलं. इन्स्टाग्रामच्या पहिल्या चिन्हात तर पोलरॉइडचा कॅमेराच होता, इंद्रधनुषी पट्ट्यासकट. आज ज्याला आपण सत्तरच्या दशकाचा रंग म्हणतो, त्याचा बराचसा भाग 2010 च्या आसपासचा आहे.

असंच रात्रीच्या दिव्यांभोवतीच्या लाल वलयाचं. चर्च स्ट्रीटच्या निऑन पाट्यांचे असे फोटो हल्ली फार दिसतात. मूळ कारण असं : सिनेमाच्या फिल्ममागे काळा थर असतो, तो आरपार गेलेला उजेड शोषून घेतो. सिनेस्टिल कंपनी तो थर काढून फिल्म विकते, म्हणजे ती साध्या लॅबमध्ये धुता येते. मग उजेड मागून परततो आणि झगझगीत जागांभोवती लाली पसरते. तो दोष आहे, आणि सुंदर दोष आहे. पण फोनमध्ये हीच लाली भरदुपारी, सावलीतल्या पांढऱ्या शर्टाभोवतीसुद्धा चढवलेली दिसते, तेव्हा डोळ्यांना काहीतरी खटकतं. मला वाटतं, जुन्या तंत्राची मोहिनी त्याच्या कारणांत असते. नुसता परिणाम उचलला की पहिल्या नजरेत भुरळ पडते आणि दुसऱ्या नजरेत उरत काहीच नाही.

याच शहरात जुन्या शैलीचा विचारपूर्वक वापर झालेला आहे, हे डिझाइनवाल्यांनी लक्षात घ्यायला हवं. तसं बंगळुरू हे छायाचित्रकारांचं गाव. जी. के. वेल हा स्टुडिओ 1910 पासूनचा. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीचे संस्थापक डॉ. जी. थॉमस इथलेच, आणि टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारखा वन्यजीव-छायाचित्रकार डार्करूममध्ये काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर जी मेहनत घ्यायचा, ती आजही शिकण्यासारखी आहे. पण या विषयात सगळ्यांत महत्त्वाचं नाव इथल्याच कलावंत पुष्पमाला एन. यांचं.

‘बॉम्बे फोटो स्टुडिओ’ ही त्यांची मालिका 2000 ते 2003 मधली. त्यांना पन्नाशीच्या दशकातल्या सिनेतारकांच्या फोटोंसारखे फोटो हवे होते. त्या दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत गेल्या, जे. एच. ठक्कर यांच्याकडे. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या ठक्करांनी 1948 मध्ये हा स्टुडिओ काढला होता आणि त्या काळच्या तारकांना आपल्या दिव्यांखाली बसवलं होतं. पुष्पमालांनी नवरस त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर उभे केले. स्वतःच नायिका, प्रिंट सेपिया. यातला उजेड पाहा : गालाच्या हाडावर येऊन थांबणारा, केसांच्या कडेला मागून उजळवणारा, डोळ्यांत एकच ठिणगी ठेवणारा. हा उजेड ज्यांच्या हातात तीस-चाळीस वर्षं मुरला होता, त्यांच्याकडूनच तो आला. म्हणून शृंगार रसातला तो नाटकी कटाक्ष आपल्याला हसवतो, आणि हसता हसता जाणवतं की बाईने कसं दिसावं याचा हा साचा किती पक्का होता.

पाठोपाठच्या ‘नेटिव्ह वुमेन ऑफ साउथ इंडिया’ या मालिकेत छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत त्यांनी हे आणखी पुढे नेलं. राजा रविवर्म्याची चांदण्यातली स्त्री त्यांनी स्वतः उभी राहून पुन्हा साकारली. रविवर्म्याचा छापखाना आधी घाटकोपरला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे तिथल्याच शिळांवरून देशभर गेले. त्या चित्रांतली स्त्री इथे हाडामांसाची होऊन येते, आणि मागचा पडदा हा रंगवलेला पडदाच आहे हे लपवलं जात नाही. दुसऱ्या एका फोटोत त्या तोडा जमातीची स्त्री बनून चौकटींच्या पडद्यासमोर उभ्या राहतात. इंग्रज अंमलदार माणसांची मापं घ्यायला असे पडदे लावायचे. जुनी शैली इथे गोड लागत नाही, टोचते. सेपिया रंगाचा एवढा टोकदार उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या तुलनेत उदयपूरला राहणारे अमेरिकी छायाचित्रकार वासवो एक्स. वासवो यांची, राजेश सोनी यांनी हाताने रंगवलेली छायाचित्रं मला जरा जास्तच गोंडस वाटतात. बंगळुरूच्या तस्वीर गॅलरीने ती दाखवली आहेत. पण वासवो निदान स्वतःच्या परदेशी नजरेची टिंगल करतात. कॅफेच्या भिंतीला तेवढंही सुचत नाही.

डिझायनरांना सामग्रीची वाण नाही. कस्तुरबा रोडवर 2023 मध्ये खुलं झालेलं म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी, म्हणजे मॅप, चालत जाण्यासारखं आहे. चित्रकार ज्योती भट्ट यांनी 1967 पासून खेड्यापाड्यांतल्या भिंती, रांगोळ्या आणि गोंदणं टिपली, त्यांचं मोठं प्रदर्शन तिथे त्याच वर्षी झालं. त्यांतल्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत मांडणीचे इतके धडे आहेत की वर्षभराच्या पोस्टरांची सोय व्हावी.

राहता राहिला खरा झटपट फोटो. फुजीचा इन्स्टॅक्स 1998 पासून आहे, आणि आता बंगळुरूच्या लग्नांत पाहुण्यांच्या वहीशेजारी त्याचा कॅमेरा ठेवलेला असतो. प्रत्येक फोटोला पैसे पडतात, म्हणून लोक जरा सावरून उभे राहतात. फोटो हातात आला की हलवतात, ज्याने काहीही होत नाही. पोलरॉइडच्या फिल्मला 13 ते 28 अंशांचं हवामान मानवतं. सव्वानऊशे मीटर उंचीवरच्या बंगळुरूत ते बरेच महिने मिळतं, नागपुरात मे महिन्यात काढाल तर नवरा-नवरी दोघेही हळदीतून उठून आल्यासारखे पिवळे येतील. इन्स्टॅक्स त्या मानाने सोशीक आहे.

मला या खऱ्याखुऱ्या फोटोचं आकर्षण पटतं. त्याला निगेटिव्ह नसते, तो एकच असतो, बिघडला तर बिघडला. पण आता फोनमधला फोटो त्याच फिल्मवर छापून देणारा प्रिंटर आला आहे, आणि हौशी मंडळी लग्नातही तोच आणतात. फोनवर आठ फोटो काढायचे, त्यातला बरा निवडायचा, चेहरा थोडा उजळ करायचा, मग छापायचा. आत्याने मागितला की पुन्हा तोच, मावशी रुसू नये म्हणून आणखी एक. तिन्ही सारखेच, आणि तिन्हींच्या पांढऱ्या पट्टीत रसायनाची पिशवी मात्र खरी.