'प्रिन्स ऑफ पर्शिया' : मूळ पाठ आणि रूपांतरे – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
साहित्यकृतींच्या भाषांतराची चर्चा मराठी समीक्षेत विपुल झाली आहे. संगणकीय खेळांच्या रूपांतराकडे मात्र बहुधा तांत्रिक बाब म्हणूनच पाहिले जाते. एका यंत्रासाठी रचलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर नेताना त्याच्या आशयात काय बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात जॉर्डन मेकनर यांच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९) या खेळाच्या आधारे केला आहे.

मूळ पाठ :
हा खेळ ब्रॉडरबंडने प्रथम 'ॲपल टू' संगणकासाठी प्रकाशित केला. सुलतानाच्या अनुपस्थितीत वजीर जाफर सत्ता बळकावतो आणि विवाह किंवा मृत्यू यांतून निवड करण्यास राजकन्येला एका तासाची मुदत देतो. तळघरात कैद असलेल्या नायकाला प्रत्यक्ष ६० मिनिटांतच तिच्यापर्यंत पोहोचावे लागते. नायक मेला तर ती पातळी पुन्हा खेळता येते. गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही. कथेतील काळ आणि खेळणाऱ्याचा काळ येथे एकरूप होतात.

या खेळातील सर्वांत अर्थपूर्ण पात्र अभावातून जन्मले आहे. नव्या प्रतिस्पर्ध्याच्या आकृत्या साठविण्याइतकी मेमरी शिल्लक नसल्याने मेकनर यांनी नायकाच्याच आकृत्या वेगळ्या रीतीने पडद्यावर उमटवून छायापुरुष निर्माण केला. नायक आरशातून झेप घेतो तेव्हा ही छाया विरुद्ध दिशेने निसटते. पुढे तिच्यावर केलेला वार नायकालाच लागतो आणि तलवार म्यान केल्यावरच दोघे एक होतात. यंत्राची मर्यादा अशा रीतीने आत्मसंघर्षाचे रूपक बनते.

रूपांतरे :
१९९० च्या डॉस आवृत्तीत चित्रण अधिक समृद्ध झाले. आराखडा आणि मुदत मात्र कायम राहिली. १९९२ च्या सुपर निन्टेन्डो आवृत्तीत मूळच्या १२ ऐवजी २० पातळ्या व १२० मिनिटे आली. गणिताने पाहता प्रत्येक पातळीस मिळणारा सरासरी वेळ ५ ऐवजी ६ मिनिटे झाला. परंतु खरी हानी त्याहून मोठी आहे. एका बैठकीत अनुभवता येणारी नाट्यमय एकसंधता तेथे सैल होते. २००७ च्या 'क्लासिक' आवृत्तीत चित्रण अधिक तपशीलवार झाले. छाया तेथेही आहे. पण तिला जन्म देणारा अभाव मात्र उरलेला नाही.

तथापि रूपांतरांना केवळ ऱ्हास मानणे अन्यायाचे ठरेल. १९८९ मध्ये 'ॲपल टू'ची बाजारपेठ ओसरत होती आणि तेथे या खेळाला मर्यादित प्रतिसाद मिळाला. त्याला जगभर पोहोचविले ते रूपांतरांनीच.

निष्कर्ष :
हरवलेली मूळ आज्ञावली २०१२ मध्ये जुन्या डिस्कवर सापडली व मेकनर यांनी ती सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे पाठचिकित्सेस आवश्यक असा मूळ पाठ आता उपलब्ध आहे. रूपांतराची निष्ठा चित्रांच्या सारखेपणावर ठरत नाही. मूळ कृतीने वेळेचा आणि अभावाचा जो ताण निर्माण केला, तो कितपत टिकला यावर ती ठरते. या निकषावर डॉस आवृत्ती मूळ पाठाच्या अधिक निकट आहे, तर अधिक विस्तृत असलेली सुपर निन्टेन्डो आवृत्ती वस्तुतः एक स्वतंत्र पाठभेद ठरते.