नायकांची टेकडी

अद्भुतरम्य युद्धकथांत एक बाजू उजेडाची आणि दुसरी अंधाराची असते. आपण कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे वाचकाला पहिल्या काही पानांतच कळते. इंग्रज लेखक जो अ‍ॅबरक्रॉम्बी यांची 'द हीरोज' (२०११) ही कादंबरी वाचकाला ही सोय देत नाही. उत्तरेकडील एका कल्पित मुलखात टेकडीसाठी तीन दिवस चाललेली लढाई, एवढेच तिचे कथानक. टेकडीवर प्राचीन शिळांचे रिंगण आहे आणि त्या शिळांनाच 'हीरोज' म्हणतात. म्हणजे शीर्षकातले नायक मुळात दगड आहेत.

माणसांचे काय? बेक हा नामांकित योद्ध्याचा मुलगा. बापासारखे नाव कमवायला तो घर सोडतो. पहिल्याच चकमकीत भीतीने कपाटात दडतो आणि गोंधळात आपल्याच सोबत्याला मारतो. लोक मात्र त्याला शूर समजून नवे नाव बहाल करतात. पोवाडे कसे तयार होतात, ते इथे दिसते. गोर्स्ट हा मर्जीतून उतरलेला राजरक्षक. राजाला तो अदबीने पत्रे लिहितो, पण मनात द्वेष खदखदत असतो. त्याला समाधान मिळते ते फक्त कत्तलीत. क्रॉ हा थकलेला, सरळमार्गी म्होरक्या. त्याचे इमान सच्चे आहे, पण तेच त्याला चुकीच्या धन्याशी बांधून ठेवते. अखेरीस तो सुतारकामात मन रमवू पाहतो आणि पुन्हा लढाईकडेच वळतो. बेक मात्र मिळालेले नाव मागे टाकून घरी परततो. माझ्या मते कादंबरीतले खरे धाडस हेच.

एका प्रकरणात निवेदन एका सैनिकाच्या नजरेतून सुरू होते. तो मरतो आणि निवेदन त्याला मारणाऱ्याकडे जाते. मग तोही मरतो. शत्रू म्हणून ज्याला पाहिले, त्याचीही भीती आपल्यासारखीच होती, हे लेखक एका शब्दाचेही भाष्य न करता पटवून देतो.

तरी एक तक्रार उरते. युद्धाची सूत्रे बायाझ नावाच्या जादूगाराच्या हाती आहेत, हे उघड झाल्यावर बाकीच्यांचे अपराध आपोआप हलके होतात. सारेच प्यादे ठरले, तर जाब कोणाला विचारायचा? शिवाय कादंबरीची सहा प्रमुख पात्रे लढणाऱ्यांपैकी किंवा त्यांच्या गोटातली आहेत. ज्यांची शेते तुडवली गेली, ज्यांचे गाव रणांगण झाले, त्यांच्या नजरेतून ही लढाई फारशी दिसतच नाही. नायकत्वाचा मुलामा खरवडणाऱ्या लेखकाची नजरही शेवटी शस्त्रधाऱ्यांवरच खिळून राहते.

तलवारीचे आकर्षण किती चिवट असते, हे त्यावरून कळते. म्हणूनच ही कादंबरी वाचावी, आणि वाचताना त्या गावालाही विसरू नये.