खर्च म्हणजे गरज नव्हे

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दरडोई रोजच्या २,२५० कॅलरींच्या आधारे देशातील दारिद्र्य मोजले. पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसात दिवसागणिकही बदलते. सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. घरात-शेतात वावरणाऱ्या माणसाचा खर्च त्याच्या कामात अडथळा न आणता मोजण्याचे साधन तेव्हा हाताशी नव्हते.

ते १९८२ पासून माणसांसाठी वापरात आले. ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ हे समस्थानिक असलेले पाणी प्यायला द्यायचे आणि एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासायचे. ड्युटेरियम पाण्यावाटे जातो. ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोहोंच्या घटीतील फरकावरून जाळलेले अन्न काढतात.

ही रीत भडगावच्या शिवारात चैत्र-वैशाखात वापरायची म्हटली, तर तिचे कच्चे दुवे उघडे पडतात. कापसाचे रान तयार करणारी मजूर बाई दिवसभर पाणी पिते आणि घामावाटे घालवते. दोन्ही समस्थानिक झपाट्याने जातात, त्यांच्यातला फरक आक्रसतो आणि मोजणीतली किरकोळ चूक उत्तरात मोठी होते. थेंबाने गळणारा घाम समस्थानिकांचे प्रमाण बदलत नाही. श्वासातली वाफ मात्र जड अणू मागे ठेवते. तिचा वाटा अंदाजानेच धरावा लागतो. मधेच गिरणेचे आवर्तन सुटले आणि विहिरीऐवजी धरणाचे पाणी पिण्यात आले, तर पायाच सरकतो. कारण उघड्यावर आटलेल्या पाण्यात जड अणू मुळातच अधिक असतात. शिवाय ताटात भाकरीच जास्त. श्वसनांक ०.९० असताना ०.८५ धरला, तर खर्च चार-पाच टक्क्यांनी फुगतो.

या चुका दुरुस्त करता येतात. पिण्याचे पाणी तपासावे, निर्डोस सोबती ठेवून पायाची घसरण वजा करावी, आहार नोंदवावा. खरी चूक यंत्राबाहेरची आहे. आकडा कमी आला की बाईची गरजच कमी, असे म्हणण्याचा मोह होतो. पण अर्धपोटी माणूस बांधावर जास्त वेळ टेकतो, जड पाटी उचलायचे टाळतो, वजनानेही घटतो. त्याचा खर्च कमी दिसतो, कारण त्याने जगणेच आखडते घेतलेले असते.

सुखात्म्यांचा आक्षेप संख्याशास्त्र म्हणून आजही विचार करायला लावतो. पण गरज बदलते म्हणताना ती कशाच्या मोबदल्यात बदलली, हे विचारायलाच हवे. तेवढे लघवीच्या बाटलीत सापडत नाही. त्यासाठी बांधावर जाऊन बसावे लागते.