‘चेतासंधी’ : एका संज्ञेचे परीक्षण

पुण्यातील प्रथम वर्षाच्या वर्गात वर्तनाचे जैविक अधिष्ठान मराठीतून शिकविताना ‘सिनॅप्स’साठी ‘चेतासंधी’ हा शब्द योजिला जातो. विद्यार्थ्याला ‘संधी’ परिचित असतो तो व्याकरणातला: ‘सूर्य’ व ‘उदय’ जुळताच दोन स्वरांचे पृथक्त्व लोपते. चेतापेशी मात्र अशा एकरूप होत नाहीत. त्यांचे स्वातंत्र्य काहालने १८८८ पासून दाखविले. बहुतेक ठिकाणी मधली सूक्ष्म फट रासायनिक द्रव्येच ओलांडतात. व्याकरणाच्या अर्थावर विसंबणारा विद्यार्थी नकळत गॉल्जीच्या अखंड जाळ्याचे त्याज्य मत स्वीकारतो. तथापि संज्ञा टाकण्याचे कारण नाही. वैद्यकात ‘संधी’ म्हणजे सांधा. तेथे हाडे जवळ येतात, एकजीव होत नाहीत. अध्यापकाने आकृती काढण्यापूर्वी हा अर्थ सांगावा, इतकेच आमचे म्हणणे.