जांभळी अळंबी आणि ओळखीचे पुस्तक

रॉजर फिलिप्स (१९३२–२०२१) यांचे ‘मशरूम्स अँड अदर फंगाय ऑफ ग्रेट ब्रिटन अँड युरोप’ हे पुस्तक १९८१ साली निघाले आणि ब्रिटनमधल्या हौशी निरीक्षकांचे ते घरचे पुस्तक होऊन बसले. शाळेच्या ग्रंथालयात असे पुस्तक आले, तर पावसाळी सहलीत त्याचा उपयोग होईल असे कोणालाही वाटेल. तो होईल का, हे पाहण्यासाठी या पुस्तकाची परीक्षा आपण एकाच अळंबीपुरती घेऊ.

ही अळंबी म्हणजे ‘वुड ब्लुइट’. युरोपच्या जंगलांत पानगळीच्या थरावर ती उगवते, तीही ऐन ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, हलके दव गोठत असताना. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्युलियार याने १७९० साली तिला ‘अगॅरिकस न्यूडस’ म्हटले. फिलिप्स यांच्या पुस्तकात ती ‘लेपिस्टा न्यूडा’ आहे आणि २०२३ पासून काही अभ्यासक तिला ‘कॉलिबिया’ या प्रजातीत घालतात. नाव बदलले हा पुस्तकाचा दोष नव्हे.

फिलिप्स यांचा खरा पराक्रम छायाचित्रांत आहे. ताजे नमुने गोळा करून ते साध्या पार्श्वभूमीवर मांडले. कोवळी, पक्व, म्हातारी अशा सगळ्या वयांची अळंबी एकाच चित्रात, शिवाय एखादी उभी चिरलेली. वुड ब्लुइटच्या बाबतीत याचे मोल फार आहे. कारण ती कोवळी असताना गर्द जांभळी असते आणि वय वाढते तशी छत्राच्या मध्यापासून तपकिरी होत जाते. एकच सुंदर फोटो छापला असता, तर वाचकाने जुनी अळंबी ओळखलीच नसती.

पण इथेच मोहही सुरू होतो. चित्र एवढे बोलके, की वाचक ते हातातल्या नमुन्याशी ताडून पाहतो आणि रंग जुळला की थांबतो. जंगलात जांभळ्या रंगाची मक्तेदारी ब्लुइटकडे नाही. ‘कॉर्टिनेरियस’ प्रजातीतल्या कित्येक जाती कोवळेपणी तशाच जांभळ्या असतात. याच प्रजातीतल्या ‘ऑरेलॅनस’ या नारिंगी-तपकिरी जातीमुळे १९५० च्या दशकात पोलंडमध्ये शंभरावर लोकांना विषबाधा झाली. तिचे विष मूत्रपिंडावर काम करते आणि लक्षणे दिसायला कधी दोन-तीन आठवडेही लागतात. त्याशिवाय फिकट जांभळी ‘मायसिना प्युरा’ आहे, तिला मुळ्यासारखा वास येतो. ‘इनोसायबी जिओफिला’चा जांभळट प्रकार आहे, त्यात मस्करीन हे विष असते. आणि लहानखुरी ‘लॅकेरिया अमेथिस्टिना’ आहे, जी वाळली की आपला जांभळा रंगच टाकून देते.

यांना वेगळे करणारी गोष्ट छायाचित्रात मावत नाही. छत्राचा दांडा कापून टाकावा, खालची पातळ पट्ट्यांची बाजू (कल्ले) कागदावर टेकवावी, अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा. वर पेला पालथा घालून रात्रभर ठेवावे. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो. ब्लुइटचा ठसा फिकट गुलाबीसर, कॉर्टिनेरियसचा गंजासारखा तांबूस-तपकिरी, लॅकेरियाचा पांढरा. कोवळ्या कॉर्टिनेरियसच्या छत्राखाली कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदाही असतो. ब्लुइटला तो नसतो.

फिलिप्स हे जाणत नव्हते असे नाही. प्रत्येक नोंदीत ठशाचा रंग आहे, वास आहे, ऋतू आहे. पण ते सारे लहान अक्षरांत, आणि शेजारी चित्र मात्र पानभर. माझा आक्षेप या प्रमाणाला आहे. चित्र ताडून पाहण्याच्या रीतीत एक मूलभूत खोट आहे: ती कधीच ‘नाही’ म्हणत नाही. हातात काहीही असो, पुस्तकात त्याच्या जवळचे एखादे चित्र सापडतेच. ठसा मात्र ‘नाही’ म्हणू शकतो. ठसा तांबूस-तपकिरी आला, तर अळंबी कितीही जांभळी असो, ती ब्लुइट नव्हे.

आपल्याकडे हा धोका दुप्पट होतो. पुस्तक ब्रिटन व युरोपचे आहे. सह्याद्रीतली जांभळट अळंबी त्यात नसण्याचीच शक्यता जास्त, तरी चित्र जुळल्याचा भास होणार. आणि नोंदीत ‘खाण्याजोगी’ असा शेरा असला, तर तो भलत्याच अळंबीला लागू केला जाणार. (खरी ब्लुइटसुद्धा कच्ची खाल्ली तर पोट बिघडवते.) मोबाइलवर फोटोवरून नाव सांगणारी साधने आली आहेत, तीही चित्रच जुळवतात, फक्त अधिक झटपट. वास त्यांना येत नाही.

म्हणून हे पुस्तक ग्रंथालयात जरूर असावे, पण वर्गात ते शेवटी उघडावे. आधी विद्यार्थ्यांनी कल्ले दाट की विरळ, पडदा आहे की नाही, खाली पाने की लाकूड, ठसा कोणता, हे वहीत लिहावे. ठशाचा सराव करायला जंगलात जाण्याचीही गरज नाही. बाजारातली बटण अळंबी मिटलेली असते. तिचे छत्र उमलून कल्ले गडद होईपर्यंत थांबा आणि मग ठसा घ्या. पांढऱ्याशुभ्र अळंबीचा ठसा चॉकलेटी येतो. शेजारी धिंगरीचा ठसा घ्या; तो पांढरट, क्वचित किंचित जांभळट येईल.