उजळणी वर्ग : योजना, भाषा आणि समावेश

महाविद्यालयीन अध्यापकाचे शिक्षण त्याच्या नेमणुकीबरोबर संपत नाही, हा विचार जुनाच आहे. त्याला देशव्यापी योजनेचे रूप मात्र १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून निरनिराळ्या विद्यापीठांत अध्यापक-प्रशिक्षणाची केंद्रे काढली आणि नव्या अध्यापकासाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग व अनुभवी अध्यापकासाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग अशी त्यांची घडण ठरविली. पुढे केंद्रांची नावे बदलली, वर्गांच्या मुदती कमी झाल्या आणि २०२३ साली ही सर्व व्यवस्था मदनमोहन मालवीय यांच्या नावाच्या नव्या योजनेखाली आली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. या वर्गांची उपस्थिती अध्यापकाच्या पदोन्नतीशी निगडित आहे. वर्ग हुकला तर त्याचे केवळ ज्ञान हुकते असे नव्हे. वेतनश्रेणीतील त्याचा पुढील टप्पाही लांबणीवर पडतो. म्हणूनच या वर्गाचे दार कोणाला उघडे आहे हा प्रश्न सौजन्याचा नसून न्यायाचा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना एक पूर्वपरंपरा लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. १९५४ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली आणि रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने भाषाविज्ञानाचे सुटीतील वर्ग भरविले. भारतीय भाषावैज्ञानिकांची एक पिढी त्यांतून घडली, हे त्या वर्गांचे ऋण सर्वमान्य आहे. परंतु कित्येक आठवडे घर सोडून एका ठिकाणी राहणे ही त्यांची पूर्वअट होती. ती अट कोणाला पाळता आली नाही, हे विद्यार्थ्यांच्या यादीवरून कळावयाचे नाही. यादी नेहमी आलेल्यांचीच असते. उजळणी वर्गांच्या यशाचे मोजमापही प्रायः अशाच यादीवरून केले जाते, आणि तेथेच त्यांच्या मूल्यमापनातील पहिला दोष उद्भवतो. समारोपाच्या दिवशी भरून घेतलेला अभिप्रायाचा कागद कितीही प्रांजळ असला तरी जो आलाच नाही त्याचा अभिप्राय त्यात नसतो.

या दोषाचे स्वरूप समजण्यास भाषाविज्ञानातील एक सुपरिचित विवेचन साह्यकारी आहे. रोमान याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रत्येक भाषिक व्यवहाराचे सहा घटक सांगितले : वक्ता, श्रोता, संदेश, संदर्भ, संपर्क आणि संकेतव्यवस्था. वर्गाची आखणी करणाऱ्या समितीचे कामकाज पाहिले तर तिचे बहुतेक लक्ष पहिल्या व तिसऱ्या घटकावर खिळलेले दिसते. कोणाला बोलवावयाचे आणि कोणत्या विषयावर बोलावयास सांगावयाचे, एवढे ठरले की योजना पुरी झाली असे मानले जाते. श्रोता, संपर्क आणि संकेतव्यवस्था हे तीन घटक गृहीत धरले जातात. समावेशाचा प्रश्न नेमका या गृहीत धरलेल्या जागी राहतो.

प्रथम संपर्काचा विचार करू. वर्गाशी अध्यापकाचा पहिला संबंध परिपत्रकाद्वारे येतो. मराठी परिपत्रक आजही अनेकदा युनिकोडपूर्व टंकात छापले जाते. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे नुसते आकार बसविलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका असतो. अंध अध्यापक ज्या स्क्रीन रीडर प्रणालीच्या साह्याने वाचतो ती प्रणाली तो पुंजकाच उच्चारून दाखविते. परिपत्रकावर सही-शिक्का करून त्याचे छायाचित्र पाठविले असेल तर बहुधा तेवढेही ऐकू येत नाही. म्हणजे ज्या वर्गात सर्वांना प्रवेश आहे असे परिपत्रक सांगते, त्या वर्गाची वार्ताच एका अध्यापकापर्यंत पोहोचत नाही. हा अडथळा दूर करावयास पैसा लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून तसाच पाठविला म्हणजे पुरे.

काळ आणि स्थळ ही संपर्काचीच अंगे होत. सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच हे वेळापत्रक वरवर तटस्थ दिसते. वस्तुतः ज्याच्या घरचे काम दुसरे कोणी करते अशा अध्यापकाच्या दिनक्रमावर ते बेतलेले असते. तान्ह्या मुलाच्या आईला निवासी वर्गाला जावयाचे तर मुलाची सोय कोठे, हा प्रश्न परिपत्रकात क्वचितच असतो. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ सालच्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आहे. परंतु त्या तरतुदीचा रोख आस्थापनेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडे आहे; परगावच्या महाविद्यालयातून दोन-तीन आठवड्यांसाठी आलेली अध्यापिका तीत सहजी बसत नाही. कायद्याची मर्यादा संपते तेथून योजकाची जबाबदारी सुरू होते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

२०२० साली महामारीमुळे हे वर्ग ऑनलाइन झाले आणि स्थळाचा प्रश्न सुटला असे अनेकांस वाटले. तो अंशतः सुटलाही. चाकांच्या खुर्चीवरील अध्यापकाला जिना चढावा लागला नाही, आणि सिरोंच्याच्या अध्यापकाचा नागपूरचा प्रवास वाचला. तथापि ज्या घरात एकच खोली व एकच संगणक आहे, किंवा ज्या गावात जाळ्याची गती मंद आहे, तेथे अडथळ्याने केवळ जागा बदलली. घरी असलेली अध्यापिका घरच्यांच्या दृष्टीने कामावर नसतेच. व्याख्यान ऐकता ऐकता स्वयंपाकघराचीही हाक तिला ऐकावी लागते. तेव्हा ऑनलाइन वर्ग समावेशक आणि प्रत्यक्ष वर्ग असमावेशक, असा सरसकट निवाडा करता येत नाही.

आता संकेतव्यवस्थेकडे वळू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संज्ञापनाची जी व्याख्या केली आहे तीत ब्रेल, ठळक व मोठा टाइप आणि सांकेतिक भाषा यांच्या जोडीला सुबोध भाषेचाही निर्देश आहे. भाषेच्या अभ्यासकांनी या शेवटच्या निर्देशाची जितकी दखल घ्यावयास हवी तितकी घेतलेली नाही. सुबोधता ही येथे शैलीचा अलंकार म्हणून नव्हे, तर प्रवेशाची अट म्हणून आली आहे. सांकेतिक भाषेविषयीही असाच गैरसमज आढळतो. ती हावभावांनी केलेली मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. त्यामुळे पडद्यावर मराठी मजकूर दाखविला की कर्णबधिर अध्यापकाची सोय झाली, असे दरवेळी म्हणता येत नाही. दुभाषी नेमावयाचा तर दीर्घ व्याख्यानासाठी दोघे लागतात, कारण एकाने अखंड काम केल्यास थकव्याने अर्थहानी होते. आणि पारिभाषिक संज्ञांची यादी त्यांना आधी द्यावी लागते. ऐन उद्घाटनाच्या सकाळी ही व्यवस्था होऊ शकत नाही.

मराठी आणि इंग्रजी यांचा प्रश्न याहून व्यापक आहे. मराठी माध्यमातून शिकून मराठीतूनच शिकविणारा इतिहासाचा अध्यापक इंग्रजी व्याख्यान ऐकू शकतो. पण चर्चेत तो गप्प राहतो. त्याच्या मौनाचा अर्थ अज्ञान असा लावला जातो. हजेरीपटावर तो उपस्थित असतो, चर्चेत तो नसतो. उपस्थिती आणि सहभाग यांतील हा भेद ज्या मूल्यमापनाला दिसत नाही, ते अपुरेच म्हटले पाहिजे. उलटपक्षी सर्व कामकाज मराठीत चालविले तर महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिकविणारे अमराठी अध्यापक त्याच मौनात ढकलले जातील. एका गटाची सोय येथे दुसऱ्याची गैरसोय होते, आणि ही अडचण झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, सर्वांचे समाधान कोणत्याही योजनेने होत नाही. दुसरा, सोयींच्या मागे लागल्याने वर्गाचा दर्जा खालावतो. पहिला आक्षेप खरा आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष खरा नाही. सर्वांचे समाधान अशक्य असले म्हणजे निवडीचे तत्त्वच नको असे ठरत नाही. उलट ते अधिकच हवे. हितसंबंधांचा विरोध येईल तेथे कोणाला थोडा त्रास होईल आणि कोणाला मुळीच पर्याय उरणार नाही, असा भेद करावा आणि ज्याला पर्याय नाही त्याच्या बाजूने निर्णय घ्यावा. भाषेच्या बाबतीत याचा अर्थ असा, की व्याख्यानाचे टिपण दोन्ही भाषांत आधी वाटावे आणि चर्चेत प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलावे. सारांश सांगण्याचे काम संयोजकाने पत्करावे. यात वेळ जातो, पण कोणी बाहेर राहत नाही.

दुसऱ्या आक्षेपात दर्जाची कल्पनाच संकुचित आहे. उजळणी वर्ग अध्यापनासाठी असतो. ज्या वर्गात अंध विद्यार्थ्याला शिकविणारा, आदिवासी भागात शिकविणारा आणि स्वतः दिव्यांग असलेला अध्यापक बोलत नाही, त्या वर्गाला अध्यापनाविषयीचे एकांगी ज्ञानच हाती लागणार. भाषावैज्ञानिकाने एकाच बोलीच्या भाषकांकडून सामग्री गोळा करून साऱ्या भाषेचे व्याकरण लिहिले, तर ते व्याकरण केवळ अन्यायकारक ठरत नाही. ते चुकीचेही ठरते. वर्गाचेही तसेच आहे.

तात्पर्य, समावेश हा योजनेनंतर जोडावयाचा परिच्छेद नव्हे. व्याख्यात्यांची नावे ठरविण्यापूर्वी अपेक्षित अध्यापकांना त्यांच्या गरजा विचारणे, त्यासाठी अंदाजपत्रकात प्रथमच तरतूद करणे, आणि वर्ग संपल्यावर जे अर्ज करूनही आले नाहीत त्यांना कारण विचारणे, या तीन गोष्टी कोणत्याही विद्यापीठाला आजच्या साधनांत करता येतील. त्यांपैकी तिसरी सर्वांत सोपी आणि सर्वांत उपेक्षित आहे. ती होऊ लागेल, तेव्हा उजळणी वर्गाच्या अहवालात आलेल्यांच्या यादीशेजारी न आलेल्यांची नोंदही दिसू लागेल, आणि योजनेचे खरे परीक्षण तेथून करता येईल.