निर्जन अवकाशातील दडवलेली मदत : 'ईव्ह ऑनलाइन' या खेळातील बचाव-साठ्यांचा मूल्यविचार

प्रास्ताविक

संगणकीय खेळांची चिकित्सा करताना साधारणतः दोन भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका खेळाला कथात्म संहिता मानते व त्यातील पात्रे, घटना, प्रतीके यांचा शोध घेते. दुसरी भूमिका नियमव्यवस्था हेच खेळाचे खरे शरीर समजते. १९९७ साली एस्पेन आरसेट यांनी 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात वाचकाच्या कृतीशिवाय पूर्णत्वास न जाणाऱ्या संहितेची जी मांडणी केली, ती या दोन भूमिकांना जोडणारी म्हणून अभ्यासकांना उपयोगी पडली. तथापि ज्या खेळात हजारो माणसे एकाच वेळी एकाच जगात वावरतात, तेथे ही मांडणीही अपुरी पडते. अशा जगात निर्मात्यांनी घातलेले नियम एक गोष्ट सांगतात आणि खेळाडूंनी त्या नियमांच्या फटींत रुजवलेला आचार कित्येकदा वेगळीच गोष्ट सांगतो. 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळविषयक खेळातील बचाव-साठ्यांचा उपक्रम हे अशा विसंगतीचे लक्षणीय उदाहरण आहे. या उपक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याचे मूल्य नेमके कशात आहे, याची तपासणी मात्र त्या कौतुकात मागे पडते. ती तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळाचे जग व त्याची नीती

आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये हा खेळ सुरू केला. चीनमधील स्वतंत्र आवृत्ती सोडल्यास जगभरचे खेळाडू त्यात एकाच विश्वात वावरतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी जे संगणकीय खेळ निवडले, त्यांत त्याचा समावेश होता. परंतु सामान्य वाचकापर्यंत या खेळाची जी कीर्ती पोहोचली, ती प्रामुख्याने विश्वासघाताची आणि संहाराची. नष्ट झालेले यान येथे कायमचे जाते. लूटमार, फसवणूक, हेरगिरी यांना नियमांनी मज्जाव केलेला नाही. सुरक्षित मानलेल्या प्रदेशात आक्रमकाला शासन करणारी यंत्रणा आहे, पण तीही गुन्हा घडून गेल्यावर शिक्षा करते, बळी पडणाऱ्याला वाचवीत नाही. जानेवारी २०१४ मध्ये एकाच लढाईत नष्ट झालेल्या यानांची किंमत खऱ्या चलनात सुमारे ३ लाख डॉलर भरेल, असा अंदाज प्रसिद्ध झाला आणि वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. या खेळात कोणी कोणाला वाचवले, ही मात्र सहसा बातमी होत नाही.

मार्च २००९ मध्ये या जगात सुमारे २,५०० नव्या तारामंडलांची भर पडली. त्यांना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. तेथे जाण्यायेण्याचे कायम दरवाजे नाहीत. 'वर्महोल' या नावाने ओळखली जाणारी तात्पुरती विवरे हाच एकमेव मार्ग. ही विवरे ठरावीक काळानंतर मिटतात, बहुतेकांचे आयुष्य एक-दोन दिवसांपलीकडे जात नाही. फार वजनाची याने त्यांतून गेली तर ती त्याआधीच कोसळतात. शोधक उपकरणे अवकाशात सोडून संकेतांचा माग काढल्याशिवाय ती सापडत नाहीत. अन्य प्रदेशांत त्या मंडलात कोण उपस्थित आहे याची यादी खेळाडूला समोर दिसते. येथे जो बोलेल त्याचेच नाव दिसते. साहजिकच कोणी बोलत नाही.

अशा ठिकाणी एखाद्या खेळाडूची शोधक उपकरणे हरवली, किंवा ती सोडणारे यंत्र यानावर बसवलेलेच नसले, तर तो अडकतो. परतीचे विवर मिटलेले, नवे शोधण्याचे साधन नाही. नियमांनी त्याला एक वाट ठेवली आहे, ती आत्मनाशाची. स्वतःचे यान व त्यातील कुपी नष्ट केली की तो दूरच्या एखाद्या स्थानकात नव्या देहाने जागा होतो. यान जाते, त्यातील माल जातो, शरीरात बसवलेली महागडी उपकरणेही जातात.

साठ्याची रीत

सिग्नल कार्टेल या शोधप्रवासी खेळाडूंच्या संघाने २०१७ साली या अडकलेल्यांसाठी एक उपक्रम हाती घेतला. सदस्यांनी इतरांवर स्वतःहून हल्ला करू नये, असा या संघाचा आचारनियम. त्यांचे सदस्य वर्महोल-प्रदेशात हिंडता हिंडता एकेका मंडलात एक लहानसा कुलूपबंद डबा सोडून जाऊ लागले. डब्यात शोधक उपकरणे व ती सोडणारे यंत्र, एवढाच ऐवज. डबा कोणत्या ग्रहाजवळ, कोणत्या दिशेला, किती अंतरावर आहे आणि त्याचा परवलीचा शब्द काय, याची नोंद संघाच्या दप्तरी. अडकलेल्या खेळाडूने संपर्क साधला की त्याला ही खूण व हा शब्द सांगितला जातो. मग विवर शोधून बाहेर पडणे हे त्याचे त्याने करावयाचे. ज्याच्या यानाला डब्यातील यंत्र बसवून घेणेच शक्य नसते, त्याच्यासाठी कोणी तरी प्रत्यक्ष वाट शोधत त्या मंडलापर्यंत जातो.

या रीतीत एक तांत्रिक तपशील आहे आणि सारा उपक्रम त्याच्याभोवती फिरतो. अवकाशात नांगरलेला असा डबा सुमारे तीस दिवस कोणी उघडला नाही तर खेळाची यंत्रणा तो काढून टाकते. म्हणजे साठा एकदा ठेवून भागत नाही. कोणी तरी पुन्हा त्या मंडलात पोहोचले पाहिजे, डबा उघडून पुन्हा बंद केला पाहिजे. आणि पोहोचण्याचा मार्ग दर वेळी वेगळा, कारण कालचे विवर आज नसते. ठरवून अमुक मंडलात जाता येत नाही. हिंडताना ते वाटेत आले तर त्याची निगा राखता येते. संघाच्या परिभाषेत या दोन कामांना पेरणी आणि निगराणी या अर्थाचे शब्द आहेत. शेतीची ही प्रतिमा केवळ अलंकार म्हणून आलेली दिसत नाही. पेरणाऱ्याचा आणि राखणाऱ्याचा हात येथे सहसा एक नसतो, आणि उगवलेले कोणाच्या वाट्याला येईल हे दोघांनाही ठाऊक नसते.

दान, विश्वास आणि गुप्तता

मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दानाच्या पोटी परतफेडीचे बंधन असते, असे दाखवून दिले. बचाव-साठ्याला हे सूत्र लावू पाहता अडचण येते. घेणारा कोण, हे देणाऱ्याला देतेवेळी माहीत नसते. घेणारा निघून गेल्यावर तो पुन्हा भेटण्याचा संभवही अल्प. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाच्या संदर्भात अनोळखी व्यक्तीस दिलेल्या देणगीची जी चर्चा केली, ती येथे अधिक जवळची ठरते. तरीही एक फरक उरतो. रक्तदात्याच्या पाठीशी रुग्णालय, शासन, समाजाची मान्यता उभी असते. येथे भोवतालची सारी व्यवस्था अशा कृतीकडे भोळेपणा म्हणून पाहते.

मराठीत 'गुप्तदान' म्हणताना दाता गुप्त असतो, दान उघड असते. येथे उलट आहे. दाता कोण ते साऱ्या खेळाला ठाऊक. दान मात्र दडवलेले. ते दडवावे का लागते, याचे उत्तर खेळाच्या नीतीत आहे. उघड्यावरचा डबा कोणीही गोळ्या घालून फोडू शकतो, आणि या जगात फोडण्यासाठी कारण लागत नाही.

येथे एका ऐतिहासिक समांतर उदाहरणाचा विचार उद्बोधक ठरेल. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील ऑकलंड, कॅम्पबेल, अँटिपोडिस आदी निर्जन बेटांवर एकोणिसाव्या शतकात अनेक जहाजे फुटली. १८६६ मध्ये 'जनरल ग्रँट' हे जहाज ऑकलंड बेटांजवळ बुडाले, तेव्हा वाचलेल्यांना सुमारे अठरा महिने तेथे काढावे लागले. अशा अनुभवांनंतर न्यूझीलंडच्या शासनाने या बेटांवर अन्न, कपडे, हत्यारे यांचे साठे ठेवले आणि आपली जहाजे नियमाने पाठवून ते भरते ठेवले. १९०७ मध्ये 'डंडोनाल्ड' जहाज डिसअपॉइंटमेंट बेटावर आपटले. वाचलेल्या खलाशांनी फांद्या आणि शिडाचे कापड यांची होडी करून समुद्र ओलांडला आणि मुख्य बेटावरील साठा गाठला. त्या साठ्यांकडे जाण्याचा रस्ता दाखवणारे खांब बेटांवर उभारलेले होते. लूट तेथेही होई. तिला आळा घालण्यासाठी साठ्यातील कपडे सहज ओळखू येतील अशा विशिष्ट विणीचे ठेवले गेले. एका साठ्यावर तर गरज नसताना तो फोडणाऱ्यास विधवा व अनाथांचा शाप लागो, अशा आशयाचा मजकूर होता.

ही तुलना दोन्ही बाजूंनी प्रकाश टाकते. बेटावरील साठ्याला सद्सद्विवेकाचे कुलूप होते, डब्याला परवलीच्या शब्दाचे आहे. बेटावरील खांब सर्वांना वाट दाखवी, कारण फुटलेल्या जहाजाच्या खलाशाकडे विचारण्याचे साधन नव्हते. खेळातील अडकलेला माणूस विचारू शकतो, म्हणून साठा लपवणे परवडते. मात्र या विचारण्याचीच किंमत मोठी आहे, आणि उपक्रमाच्या स्तुतीत नेमका हाच भाग सुटतो. मदत मागताना त्याला आपण कोणत्या मंडलात, कोणत्या अवस्थेत आहोत हे परक्याला सांगावे लागते. पळून जाण्याची वाट नसलेल्या सावजाने आपला ठावठिकाणा कळवणे म्हणजे या खेळाच्या तर्कानुसार आत्मघात. साठ्यावर विश्वास ठेवणारा म्हणून डबा ठेवणाऱ्याकडे पाहिले जाते. वास्तविक अधिक मोठा विश्वास मागणाऱ्याला टाकावा लागतो. देणारा गमावून गमावणार काय, तर क्षुल्लक किमतीची उपकरणे. मागणारा आपले सर्वस्व पणाला लावतो. संघाचा हल्ला न करण्याचा आचारनियम या ठिकाणी केवळ सद्वर्तनाचा मुद्दा राहत नाही, तो बचावकार्याची पूर्वअट ठरतो. वर्षानुवर्षे शब्द न मोडल्याची ख्याती नसती, तर डबा असून नसल्यासारखाच.

आक्षेप

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली सामूहिक आभासी जगांतील खेळाडूंचे यश मिळवणारे, शोधक, संवादप्रिय आणि मारक असे चार प्रकार सांगितले. साठा राखणारा यांपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. त्याचे कौशल्य शोधकाचे, पण तो नवे काही शोधत नाही. तो ठेवलेल्या जागी परत जातो. याचा अर्थ तो या व्यवस्थेच्या बाहेर उभा आहे, असा काही जण लावतात. हिंसक जगातील शांततेचे बेट, असे त्याचे वर्णन केले जाते. हे वर्णन मान्य करणे कठीण आहे. बचावलेल्यांत उद्या दुसऱ्याला लुटणारेही असतात, आणि साठ्यापाशी त्यांना ओळखून वगळण्याची सोय नाही, तशी इच्छाही नाही. शिकाऱ्यांच्या वनात सावजाचा पुरवठा अखंड राहावा, याला उपक्रमाचा अप्रत्यक्ष हातभार लागतो, असेही म्हणता येईल. शिवाय काही मंडलांत खेळाडूंनी कायमची वस्ती केलेली असते. आपल्या घराच्या अंगणात परक्याने न विचारता पेटी पुरून ठेवावी, हे त्यांना हेरगिरीपेक्षा फार वेगळे वाटावे असे नाही.

हे आक्षेप खरे आहेत. मात्र त्यांनी उपक्रमाचे मूल्य कमी होत नाही. त्याचे स्वरूप स्पष्ट होते. समुद्रात बुडणाऱ्याला वर काढताना त्याची जबानी घेत नाहीत, हा दर्यावर्दी लोकांचा जुना संकेत आहे. साठा शिकारीचा निषेध करीत नाही. शिकार आणि अडकणे यांत तो भेद करतो. प्रतिस्पर्ध्याच्या हातून यान जाणे हा खेळ आहे. साधनाअभावी स्वतःच्या हाताने ते नष्ट करावे लागणे हा खेळ नव्हे, असा एक अलिखित निवाडा त्यामागे आहे. निर्मात्यांनी दिलेल्या नियमांत हा भेद कोठेही नाही. तो खेळाडूंनी आणला.

अधिक गंभीर आक्षेप हिशेबाचा आहे. अशा प्रदेशात हिंडणारे पुष्कळ खेळाडू मुद्दाम स्वस्त याने घेऊन जातात. आत्मनाशाला दोन मिनिटे पुरतात. मग त्या यानासाठी अनेकांचे तासन्‌तास का खर्ची पडावेत? या प्रश्नाला हिशेबात उत्तर नाही, आणि उपक्रमाच्या समर्थकांनी वाचवलेल्या मालमत्तेचे आकडे पुढे करून ते देण्याचा प्रयत्न करू नये. मॅनहोलमध्ये पडलेल्या मांजराला काढताना कोणी त्याची बाजारातील किंमत विचारत नाही. अडकलेल्याला मिळते ती आपल्या यानासह परतण्याची शक्यता; तीही तयार नव्हे, त्याने स्वतः विवर शोधून सिद्ध करावयाची. डब्यात सुटका नसते, साधन असते. खेळाची प्रतिष्ठा राखूनच मदत करण्याची ही मर्यादा उपक्रमाच्या कर्त्यांनी जाणली, ही त्यांच्या रचनेतील सर्वांत जाणती गोष्ट म्हणावी लागेल.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. साठ्यापर्यंत पोहोचण्यासाठी असा साठा असतो हे आधी ठाऊक असावे लागते आणि मदत मागता येईल इतकी इंग्रजी यावी लागते. नवखा आणि परभाषिक खेळाडूच अधिक अडकण्याचा संभव, आणि नेमक्या त्यालाच ही वाट सर्वांत दूरची. न्यूझीलंडच्या बेटांवरील खांबांना केवळ बोट होते. जहाज कोणत्याही देशाचे असो, त्या बोटाची दिशा खलाशाला वाचता येत होती.